हाकोनेमध्ये दोन रात्रींचा मुक्काम नेमका कोणत्या गावात करावा?

प्रश्न : घाटमाथा (पुणे)

सर्वांना नमस्कार.

येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण जपानला जात आहोत : माझे आई-बाबा, मी, माझे यजमान आणि आमची नऊ वर्षांची लेक. टोकियोत पाच दिवस राहून झाल्यावर दोन रात्री गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हाकोनेच्या डोंगरात काढायच्या आणि तिथून ओदावारामार्गे शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) क्योटो गाठायचे, एवढे ठरले आहे. विमानाची तिकिटेही काढून झाली आहेत. अडले आहे ते हाकोनेतल्या मुक्कामापाशी.

गेले तीन आठवडे मी रोज रात्री आरक्षणाची संकेतस्थळे चाळते आहे आणि रोज अधिकच गोंधळून झोपते आहे. कोणी सांगते युमोतोला उतरा, कोणी सांगते गोरा सोडून दुसरीकडे जाऊच नका, तर कोणाच्या मते सरोवराच्या काठी राहिले नाही तर हाकोने पाहिलेच नाही. छायाचित्रांत सगळीकडे तेच लाकडी कुंड, तीच वाफ आणि पाण्यावर पडलेले तेच मेपलचे पान. त्यावरून एका जागेत आणि दुसऱ्या जागेत फरक काय, हे काही केल्या कळत नाही.

आमच्या अडचणी सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपे जाईल. बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि त्यांना दमा आहे. एरवी प्रकृती ठणठणीत असली तरी धूर आणि उग्र वास त्यांना सोसत नाही. आईचे गुडघे दुखतात. तिला मांडी घालून बसता येत नाही, आणि जमिनीवरच्या गादीवरून उठायचे तर दोघांनी हात द्यावा लागतो. दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत आणि मासळीचा वास आला तरी ताट बाजूला सारतात. लेक अंडी खाते. आम्ही दोघे काहीही खातो.

आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे स्नानाची. आई मूळची राजापूरची. लहानपणी उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर ती आजीबरोबर स्नानाला जात असे, आणि त्या आठवणी ती अजूनही रंगवून सांगते. खरे तर तिच्याचसाठी मी हा डोंगर सहलीत घातला. परंतु जपानमध्ये इतर बायकांसमोर विवस्त्र होऊन कुंडात उतरावे लागते हे कळल्यावर ती म्हणाली, ‘मी काठावर पाय सोडून बसेन, तुम्ही या जाऊन.’ तिने काठावर बसून राहावे, हे मला नको आहे.

तेव्हा गाव कोणते निवडावे, पारंपरिक र्‍योकान (जपानी पद्धतीचे निवासगृह) घ्यावे की साधे हॉटेल, आणि बाबांची फुजी पर्वत एकदा तरी डोळे भरून पाहण्याची इच्छा मुक्कामाच्या ठिकाणाहून पुरी होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : सायतामाकर

गेली अकरा वर्षे मी टोकियोच्या शेजारच्या सायतामा प्रांतात राहतो आणि पुण्या-साताऱ्याहून आलेल्या नातेवाइकांना घेऊन हाकोनेला बरेचदा गेलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, गोंधळ होण्याचे मूळ कारण ‘हाकोने’ या नावातच आहे. आपण त्याला एक गाव समजतो. प्रत्यक्षात तो एका जुन्या ज्वालामुखीच्या विस्तीर्ण कढईसारख्या खोलगटात आणि तिच्या उतारांवर पसरलेला, निरनिराळ्या उंचीवरच्या अनेक वाड्यांचा प्रदेश आहे. पायथ्याचे युमोतो समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटरवर, डोंगरी रेल्वेचे शेवटचे स्थानक गोरा सुमारे ५४० मीटरवर आणि आशी सरोवर ७२० मीटरच्या वर आहे. या तिन्ही ठिकाणांची हवा वेगळी, पाणी वेगळे आणि तिथवर पोहोचण्याची वाटही वेगळी.

प्रवासी साधारणपणे एक वर्तुळ पुरे करतात. युमोतोहून डोंगरी रेल्वेने गोरा, तिथून दोराने ओढल्या जाणाऱ्या केबल कारने सोउन्झान, पुढे रोपवेने ओवाकुदानीवरून तोगेन्दाई, मग आशी सरोवरातून बोटीने मोतो-हाकोने आणि तिथून बसने परत युमोतो. बहुतेक लेखांत ‘गोराला राहा’ असे सांगतात, ते हे वर्तुळ गृहीत धरून, कारण गोरा त्या साखळीच्या ऐन मध्यावर पडते.

तुमच्या बाबतीत मात्र ही साखळी ओवाकुदानीला तुटते. ओवाकुदानी म्हणजे जमिनीतून गंधकयुक्त वायू सतत बाहेर पडणारी, जिवंत ज्वालामुखीची दरी. दमा, श्वासनलिकेचे विकार आणि हृदयविकार असलेल्यांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तिथे जाऊ नये, अशी सूचना तिथे दिलेली असते. रोपवे त्याच दरीवरून जातो. वायूचे प्रमाण वाढले किंवा वारा सुटला की तो बंद ठेवतात आणि बदली बस सोडतात. २०१५ मध्ये तिथे छोटा उद्रेक झाला तेव्हा तो बराच काळ बंद होता. बाबांना दमा आहे हे वाचल्याबरोबर मी तुमच्या सहलीतून रोपवे वजा केला, आणि तो वजा केला की मुक्कामाचे गणितच बदलते. गोराच्या वरच्या अंगाला, केबल कारच्या स्थानकांच्या आसपास राहण्याचे मग काही कारण उरत नाही. शिवाय ती वस्ती इतक्या चढावर आहे की, दोनशे मीटर अंतर म्हणजे आईंच्या गुडघ्यांची परीक्षाच ठरेल.

रोपवे टाळून सरोवराला जाण्याचा दुसरा, तितकाच चांगला मार्ग आहे : युमोतोहून निघून मियानोशिता, कोवाकिदानी आणि आशिनोयु असा चढत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १. या संपूर्ण महामार्गाचे सर्वांत उंच ठिकाण, ८७४ मीटर, आशिनोयुजवळच लागते आणि तिथून बस मोतो-हाकोनेला सरोवराच्या काठी उतरते. त्यामुळे माझा सल्ला असा की, जिथे डोंगरी रेल्वे आणि ही बसवाट दोन्ही हाताशी आहेत, अशा मियानोशिता ते कोवाकिदानी या पट्ट्यात दोन्ही रात्री एकाच ठिकाणी काढाव्यात. तुमच्या कुटुंबासाठी दर दिवशी बिऱ्हाड हलवणे मुळीच योग्य नाही.

या दोन्हींतही फरक आहे. मियानोशिता हे फार जुने आणि देखणे ठिकाण. १८७८ मध्ये सुरू झालेले फुजिया हॉटेल तिथलेच. येथील पाणी मिठाचा अंश असलेले, स्वच्छ आणि वासरहित असते, हे बाबांच्या दृष्टीने महत्त्वाचे. मात्र रेल्वेस्थानक वर आणि गाव खाली महामार्गाच्या कडेला असल्यामुळे स्थानकातून उतरताना तीव्र उतार लागतो आणि परत जाताना तोच चढ. तेव्हा मियानोशिता निवडले तर रेल्वेऐवजी बस वापरावी. थांबा महामार्गावरच आहे. कोवाकिदानीच्या वरच्या अंगाला कोवाकिएन नावाचा परिसर आहे. तिथली हॉटेले मोठी, लिफ्ट असलेली, खाटांच्या खोल्या देणारी आहेत आणि सरोवराची बस जवळच थांबते. शेजारी युनेस्सून नावाचे स्नानोद्यान आहे, जिथे पोहण्याचा पोशाख घालूनच सर्व जण एकत्र पाण्यात उतरतात. आईंच्या संकोचावर तो एक उपाय होऊ शकेल, आणि लेकीला तर तिथून बाहेर काढणे अवघड जाईल.

खोलीबद्दल एकच आग्रह धरतो. आरक्षण करताना ‘वायोशित्सु’ मागावी. अशा खोलीत एका भागात तातामीच्या चटया आणि दुसऱ्या भागात खाटा असतात. आई-बाबा खाटेवर झोपतील, तुम्ही आणि लेक फुतोनवर (जमिनीवरच्या गादीवर), आणि जपानी खोलीचा आनंद कोणाचाच हुकणार नाही. जेवण खोलीतल्या ठेंगण्या मेजावर की भोजनगृहात खुर्चीवर, हेही आधी विचारावे. जपानी पद्धतीच्या बिनपायांच्या खुर्चीवर माझ्या सासूबाईंना बसवले आणि चाळीस मिनिटांनी त्यांना उठताच येईना. पाय सुन्न होऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. ती चूक माझी होती, कारण विचारायला हवे होते ते मी विचारले नव्हते.

दर पाहताना एक लक्षात ठेवावे : र्‍योकानचा दर खोलीमागे नसतो, तो माणशी असतो आणि त्यात बहुतेकदा रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. याशिवाय स्नानकर म्हणून साधारण माणशी दीडशे येन वेगळे घेतात. शनिवारची रात्र महाग पडते आणि नोव्हेंबरच्या मध्याला पानगळीचे रंग चढल्यामुळे त्या दिवशी महामार्गावर बसही तासन्‌तास अडकून पडते. शक्य असल्यास मुक्काम सोमवार ते गुरुवार यांमध्ये बसवावा.

प्रतिसाद : निळी शाई

सायतामाकर यांनी गावाबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. मी स्नान आणि जेवण या दोनच गोष्टींवर लिहिते, कारण तीन वर्षांपूर्वी मी माझ्या आईला हाकोनेला नेले होते आणि तुमच्या आईंचे ते वाक्य वाचून मला तिची आठवण झाली.

घाटमाथा, आईंना काठावर बसण्याची वेळ मुळीच येणार नाही. तुम्हाला जो शब्द हवा आहे तो ‘काशिकिरी’. काशिकिरी बुरो म्हणजे ठरावीक वेळ फक्त आपल्या कुटुंबासाठी राखून मिळणारे कुंड. दाराला आतून कडी असते. साधारणपणे ४५ ते ५० मिनिटे मिळतात. काही ठिकाणी त्याचे पैसे पडतात, काही ठिकाणी ते विनामूल्य असते, आणि वेळ बहुधा पोहोचल्याबरोबर नोंदवावी लागते. दुपारी तीनला प्रवेश सुरू होतो, तेव्हा साडेतीन-चारच्या आत पोहोचलात तर जेवणाआधीची चांगली वेळ मिळेल. सहा वाजता पोहोचलात तर रात्री दहाची उरलेली वेळ पदरात पडेल. याहून अधिक खर्चाची तयारी असेल तर खोलीलाच जोडलेले उघड्यावरचे कुंड असलेली खोली घ्यावी. मग घड्याळाकडे पाहायलाच नको.

आमच्या बाबतीत एक गोष्ट घडली, ती सांगते. माझ्या आईच्या हातावर गोंदण आहे, मनगटाच्या वर तुळशीवृंदावन आणि चार ठिपके. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या हातांवर ते असते आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. जपानमधल्या अनेक सार्वजनिक स्नानगृहांत अंगावर गोंदलेले चालत नाही. आम्ही ज्या र्‍योकानमध्ये उतरलो होतो तिथल्या बाईंनी अत्यंत अदबीने, दोन्ही हातांनी एक छोटी पट्टी पुढे केली आणि ती लावून सामाईक कुंडात जावे, असे सुचवले. त्यांच्या नियमाप्रमाणे ते योग्यच होते. पण आईने तो हात पदराखाली घेतला आणि त्या दिवशी ती स्नानाला गेलीच नाही. लग्नात सासूने हौसेने गोंदवून घेतलेली ती खूण झाकायची कशासाठी, हे तिला कळेना, आणि मलाही ते नीट समजावता आले नाही. दुसऱ्या दिवशी काशिकिरी कुंड मिळाले तेव्हा कुठे ती पाण्यात उतरली. तुमच्या आईंच्या हातावर गोंदण असेल किंवा दिवाळीतल्या एखाद्या लग्नाची मेंदी उरलेली असेल, तर याचा आधीच विचार करून ठेवावा.

स्वतंत्र कुंडातही पद्धत तीच पाळतात. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचे, केस वर बांधायचे, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. अंग धुण्यासाठीची चौरंगवजा बैठक फार ठेंगणी असते, म्हणून उंच बैठक आणि कुंडात उतरताना धरायला कठडा आहे का, हे विचारून घ्यावे. पाणी बहुतेक ठिकाणी ४१-४२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्या बादलीतल्या कढत पाण्याइतके, आणि त्यात पूर्ण बुडून बसायचे असते. पहिल्या वेळी पाच मिनिटे पुरेत. बाहेर येऊन पाणी प्यावे, थोडे बसावे आणि मग वाटल्यास पुन्हा उतरावे. जेवल्यावर लगेच उतरू नये. गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते. आईच्या पायातली जोडवी दहा मिनिटांत शिशासारखी दिसू लागली होती. ओवाकुदानीच्या ज्वालामुखीतील वाफेवर तयार केलेले दुधाळ, गंधकाच्या वासाचे पाणी नळांनी गोरा आणि सेंगोकुहारा भागातल्या अनेक र्‍योकानांना पुरवले जाते, तेव्हा तिथे चांदी काढूनच ठेवावी. बाबांच्या दम्यासाठीही हे दुधाळ पाणी टाळलेले बरे; मियानोशिताच्या वासरहित पाण्याबद्दल वर आलेच आहे.

आता जेवण. ‘आम्ही मासे खात नाही’ एवढे सांगून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचे पाणी असते आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून काढतात. ते मिसोच्या सारात असते, शिजवलेल्या भोपळ्यात असते, तेंपुराबरोबरच्या चटणीपाण्यात असते आणि तोफूवर ओततात त्या रसातही असते. आचाऱ्याच्या दृष्टीने तो पदार्थ मासे नसलेलाच असतो. तो फसवत नसतो. माझ्या आईपुढे आलेल्या वाटीत फक्त एक मशरूम आणि लिंबाच्या सालीची चकती तरंगत होती. पाणी इतके नितळ होते की तळाची नक्षी दिसत होती. वाटी ओठांपर्यंत नेऊन तिने तशीच खाली ठेवली.

हीच दाशी कोन्बू या समुद्री वनस्पतीपासून आणि वाळवलेल्या शिइताके मशरूमपासूनही काढता येते, आणि बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकाची तीच रीत आहे. म्हणून आरक्षणापूर्वीच लेखी विचारावे. हे वाक्य त्यांच्या भाषेत पाठवले तर घोटाळा होत नाही : ‘सकाना तो निकु वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देस. कोन्बु नो दाशि वा दाइजोबु देस.’ म्हणजे मासे व मांस खात नाही, बोनितोची दाशीही चालत नाही, कोन्बूची दाशी चालते. ज्यांना जमणार नसेल ते स्पष्ट ‘जमणार नाही’ असे कळवतात, आणि तसे कळवणे हे उपकारच समजावेत. मग तिथे ‘सुदोमारी’, म्हणजे बिनजेवणाची खोली घेता येते. मात्र डोंगरात संध्याकाळी सहानंतर उघडी खानावळ सापडणे कठीण असते, म्हणून थालीपिठाची भाजणी नाही तरी दशम्या, मेतकूट आणि गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा सोबत असावेतच. खोलीत गरम पाण्याची किटली बहुधा असते.

प्रतिसाद : कोयनाकाठ

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु एका बाबतीत मला वेगळे मत मांडायचे आहे. प्रश्नकर्त्यांच्या बाबांना फुजी पाहायचा आहे. मियानोशिता, कोवाकिदानी किंवा गोरा येथून फुजी दिसत नाही, कारण मध्ये खुद्द हाकोनेचेच डोंगर आडवे येतात. हाकोनेत राहून फुजी पाहायचा असेल तर सरोवराचा काठ गाठावा लागतो, आणि तोही सकाळी; दुपार होता होता शिखरावर ढग येण्याचा संभव फार. म्हणून मी तर म्हणेन की, निदान एक रात्र मोतो-हाकोनेला काढावी.

मी स्वतः नोव्हेंबरअखेरीस तिथे राहिलो होतो. पहाटे साडेसहाला खिडकीचा पडदा सारला तेव्हा पाणी अगदी स्थिर होते, पाण्यात उभे असलेले हाकोने देवस्थानाचे लाल तोरी (कमानीसारखे प्रवेशद्वार) तेवढे उजळले होते आणि त्याच्या बऱ्याच मागे, उजव्या अंगाला, फुजीचा पांढरा माथा पहिल्या उन्हात गुलाबी दिसत होता. आठ वाजता पहिल्या बसमधून लोक उतरू लागले आणि तोरीपाशी छायाचित्रासाठी लांब रांग लागली. त्याआधीचा दीड तास फक्त तिथे राहणाऱ्यांचा असतो.

शिवाय इतिहासाची आवड असेल तर मोतो-हाकोनेपासून हाकोने-माचीपर्यंत जुन्या तोकाइदो मार्गाची देवदाररांग आहे. एदोहून (आजच्या टोकियोहून) क्योटोला जाणारा हा राजमार्ग, आणि त्यावर तोकुगावा राजवटीने १६१९ मध्ये बसवलेले तपासणी नाके आज पुन्हा उभारून ठेवले आहे. एदोत ओलीस ठेवलेल्या सरदारांच्या बायका निसटून जाऊ नयेत म्हणून तिथे स्त्रियांची झडती विशेष कसून घेत असत. बाबांच्या वयाच्या माणसाला ही सपाट, सावलीची वाट चालायला सुखाची वाटेल.

प्रतिसाद : सायतामाकर

कोयनाकाठ यांचे वर्णन अगदी खरे आहे आणि मोतो-हाकोनेची पहाट मीही पाहिली आहे. तरीही या कुटुंबासाठी माझे मत बदलत नाही. त्याची कारणे देतो. नोव्हेंबरच्या मध्याला या भागात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि मोतो-हाकोनेतली बहुतेक दुकाने पाचच्या आत बंद होतात. सरोवराकाठी थंडी पायथ्यापेक्षा चार-पाच अंशांनी अधिक, आणि थंड वारा दम्याला सोसत नाही. रात्री-अपरात्री बाबांना त्रास झालाच तर ओदावारा शहर तिथून अधिक लांब पडते. फुजीसाठी तिथे झोपणे आवश्यक नाही : कोवाकिदानीहून सकाळची पहिली किंवा दुसरी बस धरली तर अर्ध्या तासाच्या आत सरोवर गाठता येते. फुजी दिसेल याची हमी मात्र कोठेही राहिले तरी कोणी देऊ शकत नाही, म्हणूनच दोन सकाळी हाताशी असाव्यात. पहिल्या सकाळी ढग असतील तर डोंगरी रेल्वेने एकच स्थानक पुढे जाऊन १९६९ पासूनचे उघड्यावरचे शिल्पसंग्रहालय पाहावे आणि सरोवर दुसऱ्या दिवशीवर ढकलावे. क्योटोला निघण्याच्या दिवशी शिंकान्सेनचे आरक्षण दुपारनंतरचे ठेवले की ही सोय होते. एक गोष्ट विसरू नये : शिंकान्सेनपैकी नोझोमी गाड्या ओदावाराला थांबत नाहीत, कोदामा आणि काही हिकारी थांबतात.

सरोवरातली बोटही रोपवेशिवाय अनुभवता येते. मोतो-हाकोनेलाच चढावे आणि फेरी मारून तिथेच उतरावे.

जाताना डोंगरी रेल्वेचा प्रवास चुकवू नये. युमोतो ते गोरा हे जेमतेम नऊ किलोमीटर अंतर ती सुमारे ४० मिनिटांत कापते, कारण दर साडेबारा मीटरला एक मीटर असा चढ तिला चढायचा असतो. वाटेत तीन ठिकाणी गाडी थांबते, चालक आणि गार्ड आपापली जागा सोडून फलाटावरून एकमेकांना ओलांडून जातात आणि गाडी उलट दिशेने वर निघते. खंडाळ्याच्या घाटात इंग्रजांच्या काळी गाडी अशीच दिशा बदलत असे, हे बाबांना ऐकून ठाऊक असेल. इथे ते प्रत्यक्ष पाहायला मिळेल. मोठ्या बॅगा मात्र त्या छोट्या डब्यांत घेऊन चढू नका. युमोतो स्थानकावर दुपारी बाराच्या आत सामान सोपवले की ते मुक्कामाच्या जागी दुपारीच पोहोचते करण्याची सेवा आहे. त्याहूनही चांगले म्हणजे टोकियोच्या हॉटेलमधूनच मोठ्या बॅगा कुरिअरने थेट क्योटोला पाठवाव्यात आणि डोंगरात दोन दिवसांचे कपडे तेवढे न्यावेत.

आणखी एक. हाकोनेचा फ्रीपास (रेल्वे, बस आणि बोटीचे एकत्रित तिकीट) घेणार असाल तर तुम्ही टोकियोला परतणार नसल्यामुळे तो टोकियोतल्या शिंजुकूहून न घेता ओदावाराहून सुरू होणारा घ्यावा, आणि तो हाकोनेतल्या सगळ्याच कंपन्यांच्या बसना चालत नाही, म्हणून चढण्यापूर्वी चालकाला पास दाखवून विचारावे.

घाटमाथा (पुणे)

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गेले तीन आठवडे मी छायाचित्रांवरून जागा निवडत होते. बाबांचा दमा आणि आईचे गुडघे यांवरून गाव निवडायचे असते, हे मला तुमच्यामुळे उमगले.

कोवाकिदानी नक्की केले. मंगळवार आणि बुधवार अशा दोन रात्री मिळाल्या आहेत. तीन ठिकाणी निळी शाई यांनी दिलेले वाक्य जसेच्या तसे पाठवले होते. एकाने नम्रपणे नकार दिला, एकाचे उत्तर अजून आलेले नाही. तिसऱ्याने कळवले की, कोन्बूची दाशी वापरून दोघांचे जेवण वेगळे करता येईल, मात्र येण्याच्या एक आठवडा आधी पुन्हा आठवण करावी. खाटा असलेली वायोशित्सु मिळाली आहे, जेवण भोजनगृहात खुर्चीवर आहे आणि कुंडाला कठडा असल्याचे त्यांनी छायाचित्र पाठवून दाखवले. काशिकिरी कुंडासाठी दुपारी साडेतीनपासूनच्या ५० मिनिटांची नोंद दोन्ही दिवसांसाठी आधीच करून दिली.

आईला काल रात्री हे सगळे वाचून दाखवले. गोंदणाचा भाग आला तेव्हा तिने स्वतःचा उजवा हात दिव्यापाशी धरून पाहिला. तिच्याही मनगटावर तीन ठिपके आहेत, जे मी जन्मापासून पाहत आले आणि ज्यांचा मला विसर पडला होता. मग तिने दोनच प्रश्न विचारले. दाराला कडी नक्की आतून आहे ना, आणि पाण्याला उन्हाळे गावच्या झऱ्यासारखा वास येतो का. कडी आतून आहे आणि त्यांच्या पत्राप्रमाणे पाणी स्वच्छ व वासरहित आहे, असे मी सांगितले. तेव्हा ती म्हणाली, ‘मग जोडवी राहू देते पायात.’